कानात इस्तंबूल

इस्तंबूलमध्ये एक म्युझियम आहे, ज्याचं तिकीट एका कादंबरीत छापलेलं आहे. गंमत नाही, खरंच! ओरहान पामुकची ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ हातात घ्या आणि शेवटचं, ८३ वं प्रकरण काढा. तिथे तिकीट छापलेलं दिसेल. पुस्तक घेऊन म्युझियमच्या खिडकीपाशी जायचं, आतला माणूस त्या पानावर शिक्का मारतो आणि तुम्ही फुकटात आत!

माझी पंचाईत वेगळीच होती. ही कादंबरी मी वाचलेलीच नाही. ऐकली आहे. आता मोबाइलच्या स्क्रीनवर शिक्का कसा मारणार?

‘ऑडिओबुक ऐकलं म्हणजे पुस्तक वाचलं असं म्हणायचं का?’ हा वाद आमच्या ऑफिसात लंच टाइमला बऱ्याचदा रंगतो. एक गट म्हणतो, ही तर शुद्ध चीटिंग. दुसरा म्हणतो, आजीच्या गोष्टी काय वाचल्या होत्या का आपण? मी दोन्हीकडे मान डोलावते. मला एवढंच माहीत आहे, की नोकरी लागल्यावर माझं वाचन जे सुटलं, ते कानांनी परत आणून दिलं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये इस्तंबूलला गेले, तेव्हा ते शहर मी आधीच कितीतरी तास ऐकलेलं होतं. सुलतान, मशिदी, बाजार हे सगळ्यांनाच दिसतं. मला मात्र दोन माणसांच्या मागे फिरायचं होतं. एक श्रीमंत, एक फेरीवाला.

लेडीज डब्यातला केमाल

डोंबिवली ते परळ, स्लो लोकल, तासभर. सकाळच्या गर्दीत पुस्तक उघडायचं म्हणजे समोरच्या बाईच्या नाकावर पान आपटायचं. त्यापेक्षा इअरफोन बरे. साधारण वीस तासांची कादंबरी, रोजचे दोन तास. म्हणजे ऑफिसचे दोन आठवडे की खलास! जॉन ली या निवेदकाचा आवाज खर्जातला आणि सावकाश आहे. तुर्की माणसं अस्सल ब्रिटिश थाटात बोलतात याचं पहिले दोन दिवस हसू येतं, मग कान सरावतो.

गोष्ट सुरू होते १९७५ साली. निशानताशी या उच्चभ्रू भागातला तीस वर्षांचा केमाल. साखरपुडा ठरलाय, आणि होणाऱ्या बायकोसाठी पर्स घ्यायला दुकानात जातो तर काउंटरवर फ्युसून. अठरा वर्षांची, लांबच्या नात्यातली. पुढे व्हायचं ते होतं. साखरपुडा मोडतो, फ्युसूनचं लग्न दुसऱ्याशी होतं, आणि हा पठ्ठ्या जवळजवळ आठ वर्षं तिच्या माहेरच्या घरी रात्री जेवायला जात राहतो. त्याचा हिशोब त्याच्याकडे तयार आहे: ४०९ आठवडे, १,५९३ जेवणं! आणि दर वेळी घरातली एखादी वस्तू खिशात घालून आणतो. मिठाची बाटली, किसणी, टीव्हीवरचा चिनी मातीचा कुत्रा... काहीही.

माझ्या डब्यात एक काकू होत्या. सरकारी नोकरी, रिटायरमेंट जवळ आलेली, घाटकोपरला उतरायच्या. एक दिवस त्यांनी विचारलंच, ‘काय गं, रोज एवढं काय ऐकतेस? गाणी तर नसणार. मान हलत नाही तुझी.’

म्हटलं, कादंबरी.

‘मग एकटीच काय ऐकतेस? सांग की.’

झालं! तेव्हापासून सकाळी दिवा ते मुलुंड मी आदल्या संध्याकाळचा भाग काकूंना सांगायचा, आणि मुलुंडनंतर इअरफोन लावायचे, असा करारच झाला. ‘मग, काल काय उचललं त्याने?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. आजूबाजूच्या दोघी-तिघीही कान देऊ लागल्या. केमालबद्दल डब्याचं मत लवकरच पक्कं झालं: प्रेमवीर वगैरे काही नाही, सरळ चोर आहे.

काकूंचा दुसरा प्रश्न मात्र मला अडवायचा. ‘आणि ती? ती काय म्हणते?’

उत्तर सापडायचं नाही. कारण फ्युसून काय म्हणते ते केमालच सांगतो. तिला सिनेमात काम करायचं असतं, तिला राग येतो, ती गप्प बसते, हे सगळं त्याच्या तोंडून. कागदावर वाचलं असतं तर कदाचित इतकं टोचलं नसतं. पण कानात वीस तास एकाच पुरुषाचा आवाज येत असतो, तेव्हा कोण बोलतंय यापेक्षा कोण बोलत नाहीये हे जास्त ऐकू येतं.

चुकुरजुमाचं लाल घर

इस्तिक्लाल हा इस्तंबूलचा लिंकिंग रोड म्हणा, फक्त मधून लाल रंगाची जुनी ट्राम धावते. तिथून खाली चुकुरजुमाकडे उतरलात की गोंगाट एकदम मागे पडतो. चढउताराच्या गल्ल्या, जुन्या वस्तूंची दुकानं, आणि प्रत्येक पायरीवर आपल्या बापाची जहागीर असल्यासारखं बसलेलं मांजर. एका कोपऱ्यावर अरुंद, उंच, गडद लाल रंगाचं घर दिसतं. फ्युसूनचं घर!

म्हणजे तसं ते कोणाचंच नाही. पामुकने हे घर विकत घेतलं, कादंबरी लिहिता लिहिता तिच्यासाठी वस्तू जमवल्या, २००८ मध्ये कादंबरी आली आणि २०१२ मध्ये म्युझियम उघडलं. २०१४ मध्ये त्याला युरोपातला वर्षातल्या सर्वोत्तम म्युझियमचा पुरस्कारही मिळाला. कधीच न घडलेल्या प्रेमाचं खरंखुरं म्युझियम!

मी तिकीट विकत घेतलं. खिडकीतल्या मुलाला म्हटलं, मी ऐकलंय पुस्तक. तो हसला आणि सुटे पैसे परत दिले.

आत शिरल्या शिरल्या समोर भिंतभर सिगारेटची थोटकं. ४,२१३! फ्युसूनने ओढलेली, केमालने गोळा केलेली. प्रत्येक थोटूक टाचणीने टोचलेलं, खाली बारीक अक्षरांत नोंद. कानांनी ऐकलेला आकडा डोळ्यांसमोर आला की पोटात काहीतरी होतं. वर ८३ प्रकरणांची एकेक काचपेटी: चहाचे पेले, हेअरपिना, घड्याळं, मिठाच्या बाटल्या, ते चिनी कुत्रे. पिवळसर उजेडात इतक्या देखण्या मांडलेल्या, की चोर म्हणून शिक्का मारलेल्या माणसाबद्दल माझं मन जरा पाघळलंच.

पण वरच्या मजल्यावर, जिथे केमालचा पलंग ठेवलाय, तिथे काकूंचा प्रश्न परत आठवला. आणि ती? तिने किती सिगारेटी ओढल्या याची नोंद आहे. ती काय म्हणाली याची नाही. मला वाटतं, पामुकला हे पक्कं ठाऊक आहे. माणसाच्या वस्तू जपणं म्हणजे त्याचं ऐकणं नव्हे, हेच तो इतका खटाटोप करून दाखवतोय. मी काकूंसाठी कादंबरीची एक छापील प्रत घेतली. त्यातलं तिकीट कोरंच ठेवलं.

मेव्हलूतची कावड

दुसरा माणूस मेव्हलूत. ‘अ स्ट्रेंजनेस इन माय माइंड’ या २०१४ च्या कादंबरीचा नायक. हीसुद्धा वीस-एक तासांची, आवाज पुन्हा जॉन लीचाच. १९६९ मध्ये बारा वर्षांचा मेव्हलूत खेड्यातून वडिलांबरोबर इस्तंबूलला येतो. वडील खांद्यावर कावड घेऊन दिवसा दही विकतात आणि थंडीच्या रात्री ‘बोझा’ नावाचं पेय. राहायला टेकडीवरची झोपडी. अशा घरांना तुर्कीत ‘गेजेकोंडू’ म्हणतात, म्हणजे रात्रीत उभं केलेलं. हा भाग ऐकताना गाडी मुंब्र्याला थांबलेली होती. एका बाजूला खाडी, दुसरीकडे डोंगराच्या अंगावर चढत गेलेली घरं. तेव्हापासून माझ्या डोक्यातल्या मेव्हलूतच्या टेकडीला मुंब्र्याचाच डोंगर चिकटलाय, आणि इस्तंबूल बघून आल्यावरही तो निघालेला नाही!

मेव्हलूत एका लग्नात एका मुलीचे डोळे बघतो आणि तीन वर्षं तिला पत्रं लिहितो. मग एका रात्री तिला पळवून आणतो. अंधारात वीज चमकते, आणि कळतं की ही ती नव्हेच, ही तिची बहीण राइहा! चुलतभावाने मुद्दाम चुकीचं नाव सांगितलेलं असतं. मेव्हलूत काही बोलत नाही. तिच्याशीच लग्न करतो, आणि तिच्यावर मनापासून प्रेमही करतो.

डब्यात स्मशानशांतता. मग काकू म्हणाल्या, ‘आमच्या वेळी तर पत्रंही नव्हती आणि वीजही चमकली नाही. झालाच ना संसार?’

या पुस्तकाची खरी गंमत म्हणजे इथे बायका बोलतात. निवेदन चालू असताना मध्येच राइहा, तिच्या बहिणी वेदिहा आणि सामिहा गोष्ट आपल्या हातात घेतात. ‘थांबा, असं नव्हतं ते’ म्हणावं तसं. एका ठिकाणी वेदिहा घरातल्या सगळ्या पुरुषांचा हिशोब मांडत प्रश्नामागून प्रश्न विचारते: हे सगळं मीच करायचं, हे बरोबर आहे का? तो भाग आला, तेव्हा मी इअरफोनचं एक टोक काकूंना दिलं. भांडुप ते घाटकोपर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, ‘इंग्रजीत आहे, पण आपल्याच घरातलं आहे.’

इस्तंबूलमध्ये वेफा नावाच्या जुन्या वस्तीत १८७६ पासूनचं बोझाचं दुकान आहे. पावसात भिजत, रस्ता चुकत तिथे पोचले. जुना संगमरवर, लाकडी कपाटं, आणि केमाल अतातुर्क ज्या पेल्यातून बोझा प्यायले तो पेला काचेत जपून ठेवलेला. समोर आला फिकट पिवळा, चमच्याने खावा असा दाट बोझा. वर दालचिनीची पूड आणि फुटाणे. पहिला घोट घेतला आणि हसूच आलं. ही तर आपली आंबील! धान्य आंबवून केलेली, आंबटगोड, पोटाला थंड. आंबवल्यामुळे त्यात किंचित अल्कोहोल असतं, पण कादंबरीतला मेव्हलूत गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगतो, छे छे, काही नसतं. गिऱ्हाइकालाही तेच ऐकायचं असतं.

डोळे मिटून बघणारे

पामुकचं तिसरं पुस्तक मात्र मी रीतसर कागदावर वाचलं, तेही मराठीत. ‘माय नेम इज रेड’चा गणेश विसपुते यांनी केलेला अनुवाद, वीकेंडला घरी लोळून. काळ १५९१ चा, सुलतानाच्या चित्रकारांमध्ये झालेला एक खून, आणि पहिल्याच प्रकरणात विहिरीत पडलेलं प्रेत आपल्याशी बोलायला लागतं! पुढे कुत्रा बोलतो, झाड बोलतं, नाणं बोलतं, लाल रंग बोलतो. वाचताना सारखं वाटत होतं, की हे तर मोठ्याने वाचायचंच पुस्तक आहे.

यातले जुने उस्ताद चित्रकार आंधळेपणाला घाबरत नाहीत. आयुष्यभर बारीक काम करून दृष्टी गेली, तर तो मान समजतात. हाताला सगळं पाठ झालेलं असतं, आता डोळ्यांची गरज काय? तोपकापी राजवाड्याच्या खजिन्यात, हिऱ्यांसमोर रांगेत उभी असताना मला हिऱ्यांपेक्षा हेच आठवत होतं. ऑडिओबुकं मुळात सुरू झाली तीही दृष्टिहीनांसाठीच. १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी तबकड्यांवर पुस्तकं ध्वनिमुद्रित व्हायला लागली. आज आपण जी सोय ‘टाइमपास’ म्हणून वापरतो, ती आधी कोणाची तरी एकमेव वाट होती. लंच टाइमच्या चीटिंगवाल्या गटाला आता हेच सांगणार आहे.

इअरफोन काढा!

एमिनोन्यूहून कादिकोयला जाणाऱ्या फेरीवर बसल्यावर वाटलं, आता मस्त समुद्र बघत एखादं प्रकरण पुन्हा ऐकू. पाच मिनिटांत इअरफोन पर्समध्ये गेले. सीगल ओरडत होते, बोटीचा भोंगा वाजत होता, छोट्या कमनीय पेल्यांत चमचे किणकिणत होते, एक जण डोक्यावर परात घेऊन तिळाचे गोल पाव विकत होता: ‘सिमीऽऽत!’ हे सगळं सोडून कानात काय भरायचं?

बोझावाला मात्र भेटला नाही. हॉटेलातला मुलगा म्हणाला, आमच्या मोहल्ल्यात थंडीत अजून येतो एक म्हातारा, कधीमधी. दोन रात्री मी खिडकी उघडी टाकून बसले. गारठले, पण हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र खालून एक लांबलचक हाळी आली. धावत खिडकीशी गेले, तर जुनं सामान विकत घेणारा होता, हातगाडी ढकलत चाललेला. भाषा कळेना, पण सूर अगदी आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याचा! चौथ्या मजल्यावरून एका बाईने काहीतरी ओरडून विचारलं, त्याने वर बघून उत्तर दिलं, आणि भावाची घासाघीस सुरू झाली.

तेव्हा इस्तंबूलला जाणार असाल, तर माझा सल्ला साधा आहे. पुस्तकं इथेच ऐका, लोकलमध्ये, बसमध्ये, भांडी घासताना. म्युझियम सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. वेफाला उपाशीपोटी जा. आणि एकदा तिथे पोचलात, की कान मोकळे ठेवा. खिडकीखालून कोण जाईल, सांगता येत नाही.