दहा लाखांचे डोके

आमच्या वसतिगृहात दोन विषयांवर वाद झाला नाही असा आठवडा जात नाही. एक, मेसची आमटी; दुसरा, लंडनच्या चेल्सी क्लबाने खेळाडू विकत घेण्यावर केलेला खर्च. आमटीबद्दल मतभेद नाहीत, नुसता संताप आहे. खरा वाद दुसऱ्याच विषयावर रंगतो, कारण माझा रूम पार्टनर चेल्सीचा निस्सीम भक्त आणि मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी.

माझा मुद्दा साधा होता. २०२२ साली चेल्सीला नवे मालक मिळाले. त्यांनी पहिल्याच हंगामात थैलीचे तोंड सोडले. एन्झो फर्नांडेस या एका तरुणासाठी १० कोटी ६८ लाख पौंड मोजले. आणि हंगामाच्या शेवटी संघ वीस संघांत बारावा! यावर पार्टनरचे उत्तर तयार असते. मँचेस्टर सिटीही पाण्यासारखा पैसा ओतते. तिने २०२३ मध्ये एकाच हंगामात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्याचे काय? शिवाय २०२५ मध्ये चेल्सीनेही दोन चषक आणलेच की! त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. एका क्लबाचे उदाहरण द्यावे तर समोरचा दुसऱ्याचे देतो, आणि दिवे मालवायची वेळ होते.

म्हणून मी असा एक क्लब शोधला, की जिथे माणूस तोच, मैदान तेच, आणि पैसा मात्र कधी चिमटीने तर कधी पोत्याने खर्च झाला. तो म्हणजे नॉटिंगहॅम फॉरेस्ट. रॉबिन हूडच्या गावचा क्लब. श्रीमंतांचे लुटून गरिबांना देण्याची परंपरा तशी जुनीच!

ब्रायन क्लफ हे गृहस्थ जानेवारी १९७५ मध्ये तिथे व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. १९७७ मध्ये तो तिसरा येऊन कसाबसा वर चढला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडचा विजेता झाला. हे कसे घडले? पीटर शिल्टन या गोलरक्षकासाठी अडीच लाख पौंड दिले. गोलरक्षकाला एवढे कशाला, असे लोक म्हणाले. त्या हंगामात ४२ सामन्यांत फॉरेस्टवर अवघे २४ गोल झाले. केनी बर्न्स हा भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेला आघाडीचा खेळाडू. त्याला आणून बचावफळीत उभे केले आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गॅरी बर्टल्स तर शेजारच्या हौशी संघातून दोन हजार पौंडांत आला. आणि डाव्या बगलेवरचा जॉन रॉबर्टसन? तो आधीपासून तिथेच होता. स्थूल, सुस्त, सिगारेट ओढणारा. त्याच्यासाठी कुणाला एक पैही मोजावी लागली नाही.

मग १९७९ च्या फेब्रुवारीत क्लफनी ट्रेव्हर फ्रान्सिसला आणले. दहा लाख पौंडांचा पहिला ब्रिटिश खेळाडू! पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून क्लफ किंमत एक पौंड कमी सांगत असत म्हणे. नियमांमुळे फ्रान्सिसला युरोपियन चषकाच्या आधीच्या फेऱ्या खेळता आल्या नाहीत. तो उतरला थेट अंतिम सामन्यात, ३० मे १९७९ रोजी, म्युनिकला. मध्यंतराच्या तोंडावर रॉबर्टसनने डावीकडून चेंडू उचलून दिला आणि पलीकडच्या खांबाशी धावत आलेल्या फ्रान्सिसने तो डोक्याने जाळ्यात ढकलला. माल्मोविरुद्ध १-०. दहा लाख वसूल!

पण पुढच्या वर्षी माद्रिदला हॅम्बुर्गविरुद्ध फॉरेस्टने पुन्हा १-० असाच चषक जिंकला, तेव्हा फ्रान्सिस जखमी होऊन बाहेर होता. गोल केला फुकटच्या रॉबर्टसनने.

आता हिशेब कसा मांडायचा? पहिला चषक दहा लाखांच्या डोक्याचा म्हणावा, तर चेंडू कुणी दिला? आमचे सर किंमत आणि मूल्य यांतला फरक फळ्यावर दोन रकाने पाडून शिकवतात. या गोलाचे दोन रकाने कसे पाडायचे, हे मला अजून जमलेले नाही.

स्टेफान शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने मात्र मोठ्या प्रमाणावर रकाने पाडले. १९७८ ते १९९७ या काळातले चाळीस इंग्लिश क्लब घेतले. क्लबांच्या क्रमांकांतल्या फरकापैकी ९२ टक्के फरक पगाराच्या खर्चाशी जुळला. खरेदी-विक्रीच्या खर्चाशी केवळ १६ टक्के. म्हणजे पैसा बोलतच नाही असे नव्हे. दर आठवड्याला खेळाडूच्या हातात पडणारा पैसा बराच खरा बोलतो. दुसऱ्या क्लबाच्या तिजोरीत जाणारा पैसा थापा मारतो. मला यात नवल वाटत नाही. पगार ठरतो तो त्या माणसाचा खेळ पाहून, आणि न पटल्यास तो दुसरीकडे जातो. खरेदीची किंमत मात्र विकणाऱ्याची अडवणूक, घेणाऱ्याची घाई आणि गेल्या वर्षीच्या चार गोलांची कीर्ती यांची मिळून होते. अर्थात जिंकणारे क्लबच जास्त पगार देऊ शकतात, हेही विसरता कामा नये.

दोन हजारांचा बर्टल्स १९८० मध्ये साडेबारा लाखांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला. त्या हंगामात लीगच्या २५ सामन्यांत त्याचा एकही गोल झाला नाही. पाय तेच, माणूस तोच. दोन वर्षांनी तो तीन लाखांहून कमी किमतीत फॉरेस्टला परतला.

कोल्हापुरात पेठांचे सामने पाहताना मी हे जवळून पाहिले आहे. पेठेतल्या पोराने सोपा गोल चुकवला तर शिवी मिळते, तीही प्रेमाची. बाहेरून पैसे देऊन आणलेल्या खेळाडूने चुकवला तर गॅलरीतून त्याच्या मानधनाचा आकडा ओरडला जातो. त्या क्षणी त्याची पाठ आपल्याकडे असते, पण खांदे दिसतात.

म्हणून मला जस्टिन फॅशनूची गोष्ट चेल्सीच्या हिशेबापेक्षा अधिक छळते. १९८१ मध्ये फॉरेस्टने नॉर्विचकडून या वीस वर्षांच्या मुलाला दहा लाखांना घेतले. एवढी किंमत मिळालेला तो ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. लीगच्या ३२ सामन्यांत तीन गोल. तो समलिंगी आहे ही कुजबूज क्लफच्या कानी गेली. त्यांनी त्याची टवाळी केली आणि त्याला संघाबरोबर सरावाची बंदी घातली. गोल होत असते तर ती कुजबूज त्यांनी कानाआड केली असती का, असा प्रश्न मी पार्टनरला विचारला. तो पहिल्यांदाच गप्प बसला. पुढच्याच वर्षी नदीपलीकडच्या नॉट्स काउंटीला फॅशनू दीड लाखांत विकला गेला. १९९० मध्ये त्याने स्वतःच सारे जाहीर केले; १९९८ मध्ये आत्महत्या केली. वय ३७.

फ्रान्सिस २०२३ मध्ये वारला. बहुतेक मृत्युलेखांत आधी दहा लाख पौंड होते, म्युनिकचा गोल त्यानंतर.