शेऱ्याचा रकाना

फ्लास्क म्हटलें कीं आमच्या घरीं कोणालाही चहा आठवतो. मला मात्र अलीकडे वाचनालय आठवतें. हें फ्लास्क चहाचें नव्हे. पायथॉन भाषेंत वेबवरचीं अॅप्लिकेशनें रचण्यासाठीं जीं हलकींफुलकीं फ्रेमवर्कें आहेत, त्यांतलें तें एक. त्याचा जन्मही मोठा मौजेचा आहे. २०१० सालच्या १ एप्रिलला ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखर या गृहस्थानें, अशा चिमुकल्या साधनांची थट्टा करावी म्हणून, एकाच फाइलींत मावणारें एक लटकें फ्रेमवर्क प्रसिद्ध केलें. लोकांनीं तें खरें मानलें! पुढें त्या थट्टेंतूनच फ्लास्क निघालें. ‘बॉटल’ नांवाचें एक साधन आधींपासून होतेंच, म्हणून हें नांव. शिमग्यांतल्या सोंगानें पुढें खरोखरच संसार थाटावा, तशांतलाच हा प्रकार.

याच भाषेंतलें जँगो हें त्याहून भारदस्त. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत, लॉरेन्स येथील एका वर्तमानपत्राच्या कचेरींत तें तयार झालें व २००५ सालीं सर्वांना खुलें झालें. जँगो घेतलें म्हणजे भांड्याकुंड्यांसह घर मिळतें. फ्लास्क तुम्हांला चार भिंती व एक दार देतें. कोणता पत्ता मागितला असतां कोणतें काम करावयाचें एवढें तें जाणतें, आणि आलेलें उत्तर साच्यांत भरून परत पाठवितें. डेटाबेस कोणता घ्यावा हें तें सांगत नाहीं. घ्यावाच, असाही त्याचा आग्रह नाहीं. स्वातंत्र्यावर व्याख्यानें देण्यांत ज्याचें निम्में आयुष्य गेलें, त्या माझ्यासारख्या प्राध्यापकाला असलें स्वातंत्र्य एकदां प्रत्यक्ष भोगावयास मिळालें, हें बरेंच झालें म्हणावयाचें.

माझें काम लहान होतें. एका जुन्या वाचनालयाची दाखल पुस्तकांची नोंदवही हात लावतांच तुटूं लागली होती, आणि त्या वहींत नसलेलें सारें ज्यांच्या डोक्यांत होतें ते ग्रंथपाल निवृत्तीला टेकले होते. डेटाबेस म्हणून मीं एसक्यूलाइट निवडला. रिचर्ड हिप यांनीं तो २००० सालीं जगाला फुकट दिला. अमेरिकन आरमाराच्या एका विनाशिकेसाठीं चाललेल्या कामांतून त्याची कल्पना निघाली. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाहीं. सारा संग्रह एकाच फाइलींत राहतो. युद्धनौकेच्या निमित्तानें जन्मलेली वस्तु नाटककादंबऱ्यांच्या सेवेस लागावी, यांत मला तर काव्यगत न्यायच दिसतो.

खरी परीक्षा पुढेंच होती. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेल्या पद्धतीप्रमाणें माहितीचीं कोष्टकें करावयाचीं, एक गोष्ट एकाच जागीं लिहावयाची, आणि इतरत्र तिचा केवळ क्रमांक द्यावयाचा. ऐकायला सोपें आहे. पण लेखक म्हणजे कोण? ‘एकच प्याला’वर राम गणेश गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. मी तिघांना एक करूं लागलों, तेव्हां ग्रंथपाल म्हणाले, “सर, माणूस एकच, पण वाचक त्याला तीन नांवांनीं मागतात.” वर्गांत टोपणनांवांवर मीं किती तरी बोललों असेन, इतका नेमका सिद्धांत मला सुचला नव्हता. शेवटीं माणसांचें एक कोष्टक झालें व नांवांचें दुसरें. पुस्तक नांवाकडे बोट दाखवितें, नांव माणसाकडे.

मग अनुस्वार आडवे आले. मी त्यांचा लोभी आहें हें वाचकांना दिसतेंच आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ नोंदवहींत अनुस्वारासह आहे. १९६२ च्या नियमांनंतर शिकलेला मुलगा ‘लक्षात’ असें लिहितो, आणि यंत्र त्याला सांगतें कीं असें पुस्तकच नाहीं. माणसाला हा फरक डोळ्याआड करतां येतो, यंत्राला तो शिकवावा लागतो. म्हणून छापील नांव जसेंच्या तसें एका रकान्यांत ठेवलें, अनुस्वार गाळलेलें दुसऱ्यांत, आणि शोधणाऱ्याच्या शब्दांतलेही अनुस्वार गाळून मग ताडून पाहिलें. हा शब्द आज्ञेच्या वाक्यांत मात्र जसाच्या तसा गुंफूं नये; तेथें प्रश्नचिन्हाची जागा ठेवून तो वेगळा द्यावा, नाहींतर पुस्तक मागायला आलेला एखादा खोडकर आज्ञाच सोडून जाईल. ऱ्हस्वदीर्घाचा घोळ उरलाच आहे. आणि ‘ळ’ हें अक्षर, मुळाक्षरांच्या तक्त्यांत ‘ह’च्याही मागें बसणारें, यंत्राच्या क्रमांत ‘ल’च्या शेजारीं जाऊन बसतें, त्यालाही मीं तेथून उठविलें नाहीं.

नोंदवहींत ओळीनें तीन पानें एकाच देणगीचीं होतीं. शेऱ्याच्या रकान्यांत बाईच्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें : “यजमानांचीं पुस्तकें. एकत्र ठेवावींत.” तीं एकत्र राहिलीं नव्हतीं. वाचनालय विषयवार लागलें आणि तीं आपापल्या विषयाकडे गेलीं. फळीवर पुस्तकाला एकाच वेळीं एकच जागा असते, त्याला इलाज नाहीं. कोष्टकाला ही अडचण नसते. प्रत्येक पुस्तकाला देणगीचा क्रमांक दिला, दोन ओळींची आज्ञा लिहिली, आणि पडद्यावर तीं पुनः शेजारीं शेजारीं आलीं : भूमितीचीं दोन क्रमिक पुस्तकें, होमिओपथीचें एक मार्गदर्शक, नाटकेंच नाटकें, बटाट्याच्या लागवडीवर एक पुस्तिका, आणि शेवटीं शेवटीं सारे अभंग व गीतेवरच्या टीका. ग्रंथपाल बराच वेळ पाहत राहिले. “मास्तर असावेत,” ते म्हणाले. “छातीचा कांहीं आजार असावा.”

मोकळ्या मजकुराचा रकाना शक्यतों ठेवूं नये, असें या विद्येंतले जाणते सांगतात. ज्याला नांव देतां येत नाहीं तें कोष्टकांत घालूं नये. त्यांचें बरोबर आहे. मीं शेऱ्याचा रकाना ठेवला आणि त्याला अक्षरांची मर्यादा घातली नाहीं. ग्रंथपाल रोज दुपारीं एका बोटानें त्यांत टंकीत असतात : “पान ४० फाटकें.” “हें नाटक गणपतींत तीनदां बसविलें.” “देण्यापूर्वीं परत आणणार ना, तें विचारावें.” त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले आहेत, आणि कादंबऱ्यांचें कपाट अजून उघडावयाचें आहे.