पदवी झाली, मग कॉलेज बदलावे का?

अमेरिकेत कॉलेजच्या संघातून साधारण चार हंगाम खेळता येते. पदवी त्याआधीच हातात आली, तर उरलेले हंगाम दुसऱ्या कॉलेजकडून खेळावेत का? काहींना ही बेइमानी वाटते. मला तसं वाटत नाही.

फुटबॉलपटू जो बरो ओहायो स्टेटमध्ये राखीव खेळाडूच राहिला. तीन वर्षांत पदवी घेऊन २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटला गेला. तेव्हा पदवीआधी कॉलेज बदललं की फुटबॉलपटूला वर्षभर बाहेर बसावं लागे. पदवीधर लगेच खेळू शके. २०१९ च्या हंगामात त्याचा संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला!

म्हणजे वाट उघडली ती अभ्यासाने. मात्र नव्या कॉलेजातही मनापासून शिकावं, खेळापुरतं नाव घालू नये. शिक्षण पूर्ण करून निघालेल्याला अडवायचं नसतं, शुभेच्छा द्यायच्या असतात.