चार्लीची जागा

६ सप्टेंबर २०२३, बुधवार

संध्याकाळी लंडनच्या हॅकनी एम्पायरमधून थेट प्रक्षेपण. मिक, कीथ, रॉनी. प्रश्न विचारायला जिमी फॅलन. रोलिंग स्टोन्सचा नवा अल्बम २० ऑक्टोबरला. नाव 'हॅकनी डायमंड्स'. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम थेट २००५ नंतर. २०१६ चा 'ब्लू अँड लोनसम' जुन्या ब्लूजचा, तो धरत नाही.

मिक जुलैत ८० चा झाला. कीथ डिसेंबरात होईल.

ही आतून म्हणाली, "आवाज कमी करा, खालच्या मजल्यावर ऐकू जातोय."

७ सप्टेंबर

दहीहंडी. खाली डीजे, वर नव्या अल्बममधलं 'अँग्री'. रिफ कीथचाच, शंका नको. ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन. कीथच्या १९८८ च्या सोलो अल्बमपासूनचा माणूस. २०२१ च्या दौऱ्यासाठी बँडचा आजारी ड्रमर चार्ली याने स्वतःच त्याला सांगितलं होतं. म्हणजे उपरा नाही. तरी.

१५ सप्टेंबर

पुण्याहून दादाचा फोन. "चार्ली वॉट्स गेला तिथंच तुझे स्टोन्स संपले. आता नुसता गल्ला." सांगितलं, दोन गाण्यांत चार्ली आहे. २०१९ चं रेकॉर्डिंग. "मग ती दोनच ऐक."

दादा तबला शिकलेला. स्टोन्सच्या 'टॅटू यू'ची कॅसेट मी ऱ्हिदम हाऊसमधून आणली, पण ऐकायची कशी हे त्याने दाखवलं. स्नेअरवर घाव घालताना चार्ली हाय-हॅटच्या झांजांवरची काठी उचलतो. बाकीचे बहुतेक ड्रमर दोन्ही हात एकदम पाडतात. चार्लीच्या झांजा तेवढ्यापुरत्या गप्प होतात आणि स्नेअर एकटी, स्वच्छ वाजते. "ही जागा बघ," म्हणाला होता. तेव्हापासून मी आधी ती जागा ऐकतो, मग गाणं.

१९ सप्टेंबर

गणपती बसले. आरतीत झांजा माझ्याकडे. ही म्हणते, फार जोरात वाजवता.

२८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. आजच 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' आलं. सोबतीला लेडी गागा, कीबोर्डवर स्टीव्ही वंडर. सात मिनिटांच्या वर. संपलं संपलं म्हणता पुन्हा उठतं. या वयात मिकचा आवाज तिथवर पोचतो कसा?

रात्री गॅलरीत. गिरगावातली गर्दी चौपाटीकडे सरकतेय. ढोल छातीत घुमतोय. ताशा कुठेतरी लांब. पथक तर खालीच उभं.

४ ऑक्टोबर

'टॅटू यू' लावला. हाय-हॅट सापडेना. आवाज वाढवला. नाही. हेडफोन बदलला. नाही.

५ ऑक्टोबर

भाचा आला होता. हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. "झांजा ऐकू येतात का रे?"

"येतात की, मामा. टिक टिक टिक."

११ ऑक्टोबर

कानाची तपासणी. काचेची बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. नंतर नंतर नुसता बसून होतो. काचेपलीकडच्या मॅडम काहीतरी लिहीत होत्या, म्हणजे आवाज सोडत असणार.

आलेख दिला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. १००० हर्ट्झपर्यंत सरळ. २००० ला उतार. ४००० ला ५० डेसिबलच्या खाली. ८००० ला त्याहून खाली. "वयोमानानुसार," मॅडम म्हणाल्या. "स, श, फ निसटत असतील. लोक पुटपुटतात असं वाटतं ना?"

विचारलं, हाय-हॅट यात कुठे बसते? त्यांनी पेन ४००० च्या आसपास आणि पुढे फिरवलं.

श्रवणयंत्र सुचवलंय. बघू म्हणालो.

१३ ऑक्टोबर

हिला आलेख दाखवला. "मला काय नवीन?" म्हणाली.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

आला. १२ गाणी, ४८ मिनिटं. दार लावून, कानात प्राण आणून ऐकला. यंत्र नाही.

सगळंच पुढे. गिटार पुढे, आवाज पुढे, ड्रम पुढे. मागे उभं राहायला कुणी तयार नाही. अँड्र्यू वॉट हा निर्माता तिशीतला, मॅकार्टनीने सुचवलेला. मॅकार्टनी स्वतः 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये बास वाजवतो, मस्त खरखरीत. 'ड्रीमी स्काइज'ला थोडी हवा आहे. 'टेल मी स्ट्रेट' कीथ गातो, ते आवडलं.

मतं आत्ताच लिहू नयेत. कान कुणाचा बिघडलाय, त्यांचा की माझा, ते ठरू दे.

२१ ऑक्टोबर

वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला २२९ धावांनी हरवलं. मिक क्रिकेटवेडा. त्याचा आठवडा अल्बमवरच निभावणार.

२२ ऑक्टोबर

आज फक्त चार्लीची दोन. 'मेस इट अप' नाचरं. 'लिव्ह बाय द स्वोर्ड'मध्ये बासवर बिल वायमन, १९९३ मध्ये बँड सोडून गेलेला. पियानोवर एल्टन जॉन. चार्ली आणि बिल, जुनी जोडी एका गाण्यात. ठेका किंचित मागे रेलून चालतो, ते पायाला कळतं. जागा आहे की नाही, ते कानाला कळत नाही.

२४ ऑक्टोबर

दसरा. दादाला शुभेच्छा. ७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्नवरचा स्टोन्सचा कार्यक्रम बोलण्यात निघालाच. सार्सच्या साथीमुळे स्टोन्सचे चीनमधले कार्यक्रम रद्द झाले होते, इथले होतील की नाही अशी धाकधूक होती. दादा तेव्हाही चार्लीकडेच बघत होता.

"यंत्र लाव," म्हणाला. "मी कधीचं लावलंय."

कधीच बोलला नव्हता.

२७ ऑक्टोबर

ब्रिटनच्या यादीत अल्बम पहिला.

३० ऑक्टोबर

यंत्र चाचणीसाठी घरी. वर्तमानपत्र उलगडलं तर फटाक्याची माळ. स्वतःच्या चपला ऐकू येतात. फोडणीतली मोहरी स्वयंपाकघरातून थेट कानात. ही हळू बोलते, हे आज कळलं. ओरडायची ती माझ्यासाठी.

३१ ऑक्टोबर

शेवटचं 'रोलिंग स्टोन ब्लूज' यंत्र लावून. मडी वॉटर्सचं गाणं, बँडचं नाव त्यातूनच आलेलं. फक्त मिक आणि कीथ. माउथऑर्गनचा लांब सूर लागला की थरथरतो, पाण्याखालून आल्यासारखा. काढून ठेवलं.

३ नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं. यंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. लांबलेल्या सुराला ते शिट्टी समजतं आणि दाबायला धावतं. संगीतासाठी वेगळी सेटिंग करून दिली: शिट्टी दाबणं बंद, गोंगाट गाळणं बंद. "गाणं ऐकताना एवढं बटण दाबायचं, काका."

रात्री आधी 'टॅटू यू'. आहे. काठी उठते, झांज गप्प, स्नेअर.

मग 'लिव्ह बाय द स्वोर्ड'. आहे.

मग 'अँग्री'. जॉर्डन जोरकस, चोख. पण ती मोकळीक नाही. सगळं अजूनही पुढेच.

४ नोव्हेंबर

दादाला फोन. "दोन्ही गाण्यांत आहे," म्हणालो. "मला पहिल्या दिवशी ऐकू आलं," म्हणाला. "बाकीची?" विचारलं. "ऐकली," म्हणाला, "गागाचं चांगलं आहे." दादाकडून एवढं पुष्कळ.

१८ नोव्हेंबर

यंत्र ठेवून घेतलं. पैसे भरले.

अल्बमबद्दल आता लिहायला हरकत नाही. चार्लीची दोन, गागाचं एक, कीथचं एक, 'ड्रीमी स्काइज' आणि शेवटचा ब्लूज: ही सहा माझ्याकडे राहणार. उरलेली सहा चांगली वाजवलेली आहेत, पण जास्त घासूनपुसून. ८० च्या उंबरठ्यावरच्या माणसांनी केलेला अल्बम म्हणून सवलत द्यायची गरज नाही; २००५ च्या 'अ बिगर बँग'पेक्षा हा सरस आहे. स्टोन्स कधीच ऐकले नसतील त्यांनी मात्र 'टॅटू यू'पासून सुरुवात करावी, हा नंतर.