बहनजी आणि दिल्लीची खुर्ची

गेल्या रविवारी विहारात वंदना संपली, चहा आला आणि एका तरुणाने आम्हांला विचारले, "काका, मायावतीजी खरंच पंतप्रधान होण्यासारख्या होत्या का? की ती आपलीच हौस होती?" बसलेली मंडळी गप्प झाली. एक आजी मात्र चिडून म्हणाल्या, "होत्या म्हणजे काय रे? होत्याच!" आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मे २००७ मधील तो दिवस आम्हांला आजही आठवतो. उत्तर प्रदेश विधानसभेच्या ४०३ पैकी २०६ जागा बसपाने स्वबळावर जिंकल्या. पोस्टात नोकरी करणाऱ्या बापाची लेक, दिल्लीच्या शाळेतील एक शिक्षिका, चौथ्यांदा मुख्यमंत्री झाली. आम्ही वस्तीत घरोघर पेढे वाटले. मान्यवर कांशीराम तो दिवस पाहायला नव्हते. ९ ऑक्टोबर २००६ रोजीच ते गेले होते. बाबासाहेबांच्या जयंतीच्या सुट्टीसाठी पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत जो झगडा झाला, त्यातूनच हा माणूस चळवळीत आला. तेव्हा लखनौच्या त्या विजयाची एक मुळी आपल्या महाराष्ट्रात आहे, याचा आम्हांला कोण अभिमान!

जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी केंद्राचा पाठिंबा काढला आणि पंतप्रधानपदासाठी बहनजींचे नाव उघडपणे घेतले जाऊ लागले. कचेरीत आम्हांला विचारणा झाली, "या बाईंना देश चालवता येईल का?" आम्ही उलट विचारले, "हा प्रश्न इतरांच्या बाबतीत का पडत नाही?" ८० खासदार पाठवणारे राज्य ज्यांनी चालवले, त्यांच्या लायकीबद्दल आम्हांला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

पण बांधवांनो, लायकी वेगळी आणि ताकद वेगळी. आम्ही पडलो कॉमर्सचे. हिशेब मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. लोकसभेत बहुमताला २७२ खासदार लागतात. २००९ साली बसपाचे निवडून आले २१. त्यांतले २० एकट्या उत्तर प्रदेशातले आणि एक मध्य प्रदेशातला. आपल्या महाराष्ट्रातून एकही नाही. पुढचा हिशेब तर आणखी जड आहे. उत्तर प्रदेश विधानसभेत २०१२ ला ८०, २०१७ ला १९ आणि २०२२ ला फक्त १. लोकसभेत २०१४ ला शून्य, २०१९ ला समाजवादी पक्षाशी युती करून १० आणि २०२४ ला पुन्हा शून्य.

असे का झाले? विरोधकांनी पैसा ओतला, वर्तमानपत्रांनी पुतळ्यांचा खर्च तेवढा मोजला, हे खरेच. पण दोष सगळा बाहेरचा नाही. कांशीरामजींनी आधी १९७८ साली बामसेफ उभी केली, मग १९८१ साली डीएस-फोर आणि त्यानंतर १९८४ साली पक्ष. म्हणजे आधी पाया, मग भिंती, मग छप्पर. सत्ता आल्यावर आमच्या मते पायाकडे दुर्लक्ष झाले. सायकलवरून गावोगाव फिरणारा कार्यकर्ता मागे पडला, तिकीट मागणारा पुढे आला. दुसऱ्या फळीतले नेतृत्व वाढू दिले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला होता. तो इशारा आपल्या नेत्यांनाही लागू आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलो.

आता दुसऱ्यांची चूक सांगितली, तर स्वतःचीही सांगायला हवी. डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी आघाडीच्या बैठकीत पंतप्रधानपदासाठी मल्लिकार्जुन खर्गे यांचे नाव सुचवले गेले. आधी जिंकू, मग बघू, असे ते स्वतः म्हणाले. आम्ही मात्र विहाराच्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत वाद घातला. २०२४ ला मतदानाच्या दिवशी मुलीला घेऊन केंद्रावर गेलो. तिला अठरा वर्षे पूर्ण झालेली. यादीत तिचे नावच नव्हते! सहा नंबरचा फॉर्म भरायचा आम्हीच विसरलो होतो. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही पंतप्रधान ठरवत होतात. माझं एक मत तेवढं राहिलं." आम्ही मान खाली घातली. वस्तीत चौकशी केली, तर अशी घरे आणखीही निघाली. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे माहेरच्या यादीत आणि भाडेकरूंची जुन्या पत्त्यावर.

तेव्हा त्या तरुणाला आमचे उत्तर असे : बहनजी पंतप्रधानपदाला लायक होत्या. त्यांच्या मागची ताकद अपुरी होती, आणि त्या अपुरेपणात आमचाही वाटा आहे. दुसऱ्यांनी बैठकीत नाव घेतल्याने कुणी पंतप्रधान होत नाही. ज्याच्या मागे गल्लीगल्लीत मोजून मते उभी असतात, त्याचे नाव कुणालाही टाळता येत नाही.

मतदार नोंदणीसाठी आता वर्षातून चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही मतदार यादी घेऊन बसणार आहोत. माता-भगिनींनी सुनांना आणि मुलींना सोबत आणावे. आमची मुलगी फॉर्म भरून देणार आहे. तिने स्वतःचा आधीच भरला आहे.

जयभीम!