शुद्ध लिहावे ते कशासाठी?

“अर्थ कळला म्हणजे झाले, काना-मात्रेचा एवढा घोळ हवा कशाला?” असे विचारणारे गृहस्थ प्रत्येक गावात असतात, तसे ते मांद्र्यातही आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ह्या प्रश्नाचा जाच जितका पेडणे महालातील माणसाला होतो, तितका पुण्याच्या माणसाला होत नसावा. पुण्याचा मुलगा बोलतो त्याच्या जवळपास लिहितो. मांद्र्याच्या कित्येक घरांत मात्र चुलीपाशी, शेतात आणि बाजारात बोलतात ती कोकणी, आणि पत्र लिहावयास बसले की लेखणीतून उतरते ती मराठी.

टेलिफोन घरोघरी आले नव्हते त्या काळची एक हकीकत आम्हांस ठाऊक आहे. एका घरची बारा-तेरा वर्षांची मुलगी तापाने फणफणली. वडील व दोघे शेजारी तिला इस्पितळात घेऊन गेले. आईने हे वर्तमान मुंबईस दिरांना कळविले, आणि चार दिवसांनी दुसरे पत्र टाकले. त्यात एवढेच होते : “ते काल घरी आले. आता देवावर भरवसा.” दीर जहाजावर गेले होते. पत्र वाचले मुलीच्या काकीने, आणि ती होती वसईकडची.

आईच्या मनात ‘ते’ म्हणजे मुलगी. कोकणीत लहान वा अविवाहित मुलीला ‘तें’ असे नपुंसकलिंगी म्हणण्याची रीत आहे. त्यात अनादर नाही, उलट माया आहे. परंतु काकीने मराठी वाचली. तिच्या लेखी ‘ते’ म्हणजे मुलीला घेऊन गेलेले ते पुरुष. ते घरी आले. मग मुलगी कोठे आहे? आणि देवावर भरवसा तो कशासाठी? ती माउली त्याच रात्रीच्या एस. टी. ने निघाली, पिशवीत काळी वस्त्रे घेऊन. मांद्र्यास पोहोचली तेव्हा मुलगी सोप्यावर पेज पीत बसली होती.

आता ह्यात व्याकरण कोठे आले, असे कोणी विचारील. जुन्या मराठीत ‘तें आलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते आले’ हे पुल्लिंगी अनेकवचन, असा टिंबाचा भेद लिहिण्यात होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आणि उच्चारात न उरलेले असे अनुस्वार गेले. लिहिणाऱ्यांचे ओझे हलके झाले, त्याविषयी आमची तक्रार नाही. मराठीत मुलीला ‘ती’ म्हणतात, हा एकच नियम त्या पत्रात पाळला गेला असता, तर टिंबाचीही गरज पडली नसती. तेच वाक्य आई समोर बसून बोलली असती तर काकीने लागलीच विचारले असते, “कोण आले?” आईने मुलीकडे बोट दाखविले असते, आणि संपले. कागदाला बोट नाही, आणि त्याला प्रतिप्रश्नही करता येत नाही.

व्याकरण म्हणजे पंडितांनी गरिबांवर लादलेला कर, अशी कित्येकांची समजूत असते. त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे चरित्र पाहावे. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी रचिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी, १६४० मध्ये, राशोल येथे छापले गेले. नियम शिकविणारे पुस्तक नसताही साष्टीचे लोक नियमानेच बोलत होते. परक्या माणसाने ते नियम ऐकून टिपले. ह्याच फादरांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली निघाले, तेही रोमन अक्षरांत छापलेले. मराठीत पुराण रचताना सामान्य जनांस समजावे म्हणून आपण कवींचे अवघड शब्द टाळले आणि येथील बोलीतले सोपे शब्द घातले, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. नियम जाणणाराच असा सोपेपणा आणू शकतो, असे आम्हांस वाटते.

हिंदीतील ‘रोको मत जाने दो’ हे वाक्य प्रसिद्ध आहे. स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की अडविण्याचा हुकूम सोडण्याचा होतो. मराठीत ही गंमत जमत नाही. ‘अडवू नका जाऊ द्या’ ह्यात विरामचिन्ह मुळीच नसले तरी अर्थ एकच. कारण ‘अडवू’ हे रूप ‘नका’ला सोडून उभेच राहत नाही. हा पहारा शब्दाच्या शेवटच्या एका उकाराने केला आहे.

तरी सगळेच नियम सारख्या मोलाचे नाहीत. ‘पाणी’ ह्याची वेलांटी ऱ्हस्व पडली म्हणून आजवर कोणी तहानेला राहिला नाही. असल्या चुकांवर मुलांच्या वह्या लाल करणाऱ्या मास्तरांविषयी आम्हांस फारसे प्रेम नाही. पण घरातल्या घरात लिहिलेला वाटणीचा कागद घ्या. ‘जमीन भावाने दिली’, ‘भावांनी दिली’, ‘भावंडांनी दिली’. पहिल्यात एकाचीच संमती. दुसऱ्यात, एका टिंबासरशी आणि वेलांटीसरशी, सर्व भावांची. आणि तिसऱ्यात बहिणीही आल्या. गोव्याच्या कायद्याने आईबापांच्या मालमत्तेत मुलाबरोबर मुलीचाही वाटा आहे. लिहिणाऱ्याच्या घाईत ती बहीण कागदावरून नाहीशी होते, आणि वीस वर्षांनी तिची मुले वकिलाच्या पायऱ्या चढतात.

हल्ली पुष्कळ मंडळी मोबाइलवर आपला आवाजच पाठवितात. काकीच्या वेळी तो असता तर काळी वस्त्रे पेटीतच राहिली असती. असले कागद मात्र अजून लिहावेच लागतात. पेडण्याकडील एक निवृत्त शिक्षक असा कागद लिहून झाला की तो घरच्यांना वाचून दाखवीत नाहीत, रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या तिऱ्हाइताला बोलावतात, त्याच्या हाती देतात आणि विचारतात, “कोणी दिले, किती जणांनी दिले, कोणाला दिले?” तो अडखळला की कागद फाडतात आणि पुन्हा लिहावयास बसतात.