लाल ठिपका

इचलकरंजीत आमच्या अब्बांचे सुताचे छोटे दुकान होते. यंत्रमागवाल्यांना उधारीवर सूत द्यायचे आणि त्यांच्या कापडाचे पैसे आले की वसुली करायची, असा व्यवहार. रोजकीर्द आणि खतावणी दिवाणजींच्या हाती. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. २०१२च्या रमजान ईदला घरी आलो, तेव्हा दिवाणजी भिंग घेऊन येणेबाकी काढत बसलेले दिसले. तेव्हाच ठरवले, दुकानाचा हिशेब संगणकावर आणायचा.

हिशेबाचे तयार पॅकेज बाजारात मिळत होते. खरे तर तेच घ्यायला हवे होते. पण शिकलेल्या मुलाची हौस. मी स्वतःच प्रोग्राम लिहायला घेतला. पंधरा दिवसांचे काम म्हणून सांगितले, चार महिने लागले. कंपनीतही याहून वेगळे घडत नसे. एकदा काम रखडले म्हणून साहेबांनी आमच्या पाच जणांत आणखी सहा जण घातले. आम्ही पाच त्या सहांना शिकवत बसलो आणि काम आणखी मागे पडले. फ्रेड ब्रुक्स यांनी आय.बी.एम.मधल्या अनुभवावरून १९७५ सालीच हे पुस्तकात लिहून ठेवले आहे. पाच माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १० होतात, अकरा माणसांत ५५. हे मला पाठ होते. दुकानाच्या कामात मी एकटाच, म्हणजे कोणाशी बोलायचे कारणच नाही, असे मी धरून चाललो.

खतावणीत काही नावांपुढे लाल शाईचा ठिपका होता. दिवाणजींना विचारले, तर म्हणाले, "ते शेठना ठाऊक. तू आपले आकडे घे." मी आकडे घेतले, ठिपका सोडला. नव्वद दिवस उलटले की पार्टीच्या मोबाइलवर आपोआप तगादा जाईल, अशी सोय केली. पहिल्याच महिन्यात ४१ संदेश गेले. मी खूश.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई दुकानात आली. तिच्या नवऱ्याचे चार माग होते. तो हार्टफेल होऊन गेला, माग भंगारात गेले. तिने रुमालाची गाठ सोडून दोन बांगड्या गादीवर ठेवल्या. "भाईजान, अब्बी इतनाच है. बच्चा कमाने लगा तो बाकी का देती."

अब्बांना काही कळेना. तिने मोबाइल पुढे केला. अब्बांनी तो लांब धरून वाचला, मग बांगड्या पुन्हा रुमालात बांधून दोन्ही हातांनी परत दिल्या. तिला म्हणाले, "मशीन की गलती है, बहन." ती गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन की गलती नहीं थी."

लाल ठिपका म्हणजे मागायचे नाही. आणून दिले तर घ्यायचे. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यावी, जमले तर सोडून द्यावे, हे सूरह बकरामध्ये आहे, ते अब्बांनी शाईच्या एका थेंबात बसवले होते. ही रक्कम ते जकातीत मात्र धरत नसत. उधारी सोडली म्हणजे जकात दिली असे होत नाही, असे आमच्याकडचे उलेमा सांगतात. जकात ते वेगळी काढत.

मग मी दिवाणजींजवळ जमिनीवर बसलो, ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. तगादा आपोआप जाणे बंद केले. आधी यादी निघायची, अब्बा बघायचे, मगच संदेश. तीन महिने खतावणी आणि संगणक बरोबरीने चालवले. त्यात माझीच चूक सापडली. हप्त्याने आलेले पैसे दोनदा वजा होत होते. ठिपक्यासाठी रकाना केला आणि शेजारी 'कारण' असा दुसरा. तो भरायला दिवाणजींनी साफ नकार दिला. "कारण लिहिले की ते चार जण वाचणार."

संगणकाने काही दिलेच नाही असे नाही. अब्बांच्या पंगतीला बसणारा एक बडा व्यापारी चौदा महिने थकलेला निघाला. खतावणीत त्याची बाकी पानामागून पान पुढे ओढली जात होती. त्याला ठिपका नव्हता, फक्त कोणी बेरीज केली नव्हती. १ जुलै २०१७ला जी.एस.टी. आला, तेव्हाही आमची धांदल कमी झाली.

२०२१मध्ये अब्बा गेले. अब्बांचे आई-वडील हयात नव्हते. ३२ भागांत अम्मीचे ४, माझे १४, दोन्ही बहिणींचे सात-सात. मशीनने क्षणात सांगितले. अल्गोरिदम हा शब्द ज्यांच्या नावावरून आला, त्या अल्-ख्वारिज्मी यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचाच आहे. पण मयताची येणी हीदेखील वारसांची मालमत्ता असते. ठिपक्याची १७ नावे आता मला एकट्याला सोडून देता येत नव्हती.

थोरलीच्या घराचे हप्ते चालू होते. तिने सरळ विचारले, "यातले आता कोण देऊ शकतात?" 'कारण' हा रकाना सतराही ठिकाणी रिकामा होता.

दिवाणजींना रिक्षाने घरी आणले. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हते. मी नाव वाचायचो, ते कधी "राहू दे" म्हणायचे, कधी "याचा पोरगा पुण्याला नोकरीत आहे, विचारून बघ." अकरावे नाव बांगड्यांवाल्या बाईच्या नवऱ्याचे.

"ती तर केव्हाच फिटली," दिवाणजी म्हणाले. "शंभर-दोनशे घेऊन यायची. शेठ खिशातल्या वहीत लिहायचे."

मी स्क्रीनकडे पाहिले. तिथे पूर्ण बाकी तशीच होती. अम्मी काही न बोलता उठली आणि अब्बांच्या कपाटाची किल्ली शोधू लागली.